सदर मैदानावर दररोज फुटबॉल

नारायणराव तडवळकरांनी उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. लहानपणी एकदा अंगणात येऊन पडलेला चेंडू त्यांनी हातानं उचलून, सदऱ्याला पुसून, शेजाऱ्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला होता आणि त्याबद्दल आईनं चारचौघांत त्यांचं कौतुक केलं होतं. असा हा माणूस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी उस्मानाबादच्या फुटबॉल मैदान समितीचा चिटणीस झाला. यात त्यांचा अपराध एवढाच, की भर सभेत ते खरं बोलले.

झालं असं. शाळेत खेळ शिकवणारे मास्तर मूळचे हैदराबादचे. राज्यांची नवी मांडणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ते मास्तर एक ट्रंक, दोन कोंबड्या आणि शाळेची एकुलती एक शिट्टी घेऊन आपल्या मुलखाला निघून गेले. त्यांच्याकडचं चिटणीसपद रिकामं झालं. हेडमास्तरांनी शिक्षकांच्या सभेत विचारलं, "फुटबॉलचा सामना प्रत्यक्ष डोळ्यांनी कुणी पाहिलाय का?" भूगोल शिकवणाऱ्या नारायणरावांचा हात आपोआप वर गेला. हैदराबादेत मावसभावाची वाट बघत ते एकदा एका कुंपणाशी उभे राहिले होते, तेव्हा पलीकडं सामना चालला होता. मावसभाऊ मध्येच आला, त्यामुळं अर्धाच बघून झाला. पण बाकीच्यांनी तोही पाहिलेला नव्हता. नारायणरावांचा हात खाली यायच्या आत ठराव पास झाला होता.

चिटणीस झालं की नेमकं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. समितीत आणखी चार सभासद होते. त्यांपैकी दोघांची बदली झाली होती, एकाला ऐकू येत नव्हतं आणि चौथे स्वतः हेडमास्तर होते. नारायणरावांनी दारावरच्या पाटीत आपल्या नावाखाली 'चिटणीस, फुटबॉल मैदान समिती' एवढं रंगवून घेतलं आणि कर्तव्य पार पडलं असं मानलं. वर्षभर त्यानं काही बिघडलंही नाही. मग अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत कचेरीतून लखोटा आला.

शहराबाहेरच्या फुटबॉल मैदानाच्या जागी सरकारी धान्य गोदाम बांधण्याचा विचार चालू आहे, असं त्यात लिहिलं होतं. तरी चिटणिसांनी सदर मैदानाचा 'इतिहास व सध्याचे उपयोग' यांविषयीचा अहवाल आठ दिवसांत, तीन प्रतींत, सादर करावा. नारायणरावांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि तसेच शेजारी तात्यांकडं गेले.

तात्या म्हणजे त्या गल्लीचं हायकोर्ट. निजामाच्या अमदानीत त्यांनी रेकॉर्डात कारकुनी केली होती आणि उर्दू व मोडी या दोन्हींत ते सारखंच, म्हणजे दुसऱ्याला वाचता येणार नाही असं, लिहीत. कुणाला जन्माचा दाखला हवा असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, तात्या आधी अर्जाचा मसुदा सांगत.

"इतिहास माझ्याकडून घ्या," तात्या म्हणाले. "लिहा. फसली सन तेराशे चाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तीस. एक तालुकदार आले, म्हणजे आताचे कलेक्टर, त्यांना फुटबॉलचा लई शौक. त्यांनी गायरानाची जागा साफ करवली, दोन्ही टोकांना सागाचे खांब रोवले. पहिल्याच सामन्यात बॉल विहिरीत पडला. दुसरा बॉल हैदराबादहून मंजूर होऊन यायला चौदा महिने लागले. तंवर तालुकदारसाहेबांची बदली झाली."

"मग?"

"मग काय, इतिहास खतम. आता उपयोग बघा."

उपयोग बघायला नारायणराव दोन संध्याकाळ मैदानाच्या कडेला वही घेऊन बसले. ते स्वभावानं काटेकोर. दिसेल ते लिहीत गेले. आठवडी बाजारात न विकली गेलेली जनावरं मुक्कामाला राहतात. तंबूतला सिनेमा येतो आणि जाताना खुंट्यांचे खड्डे ठेवून जातो. लग्नं होतात, त्यांच्या चुलींचे दगड अजून जागच्या जागी आहेत. कचेरीतले दोन कारकून एका सायकलवर आळीपाळीनं पडायला शिकतात. पूर्वेकडच्या गोलाच्या खांबांना दोरी बांधून गल्लीतल्या बायका धुतलेल्या गोधड्या वाळत घालतात. त्यांतली एक गोधडी नारायणरावांनी ओळखली. ती त्यांच्याच घरची होती. प्रमोदिनीबाई, म्हणजे त्यांची पत्नी, ती उलटून टाकत होत्या. हा उपयोग नावानिशी नोंदवावा की मोघम, यावर त्यांनी बराच वेळ विचार केला. फुटबॉल मात्र कुणी खेळत नव्हतं. गावात फुटबॉलच नव्हता, तर खेळणार कशानं?

तात्यांनी वही वाचली आणि मिटून बाजूला ठेवली. "हे सारं खरं आहे, म्हणून उपयोगाचं नाही. हे वाचून मी साहेब असतो तर उद्याच गोदाम बांधलं असतं. लिहा, सदर मैदानावर दररोज फुटबॉल खेळला जातो."

"पण तात्या, हे खोटं आहे."

"खोटं तोंडी असतं, नारायणराव. लेखी असतं त्याला निवेदन म्हणतात."

नारायणरावांनी टाक एकदा खाली ठेवला, पण गावातली ही एकच मोकळी जागा होती आणि ती आपल्या चिटणीसपदाच्या काळात गेली असं व्हायला नको, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली. सही नेहमीपेक्षा चांगली आली.

बारा दिवसांनी उत्तर आलं. अहवाल वाचून प्रांतसाहेबांना आनंद झाला होता. जिल्ह्यात दररोज फुटबॉल खेळला जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते स्वतः मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता खेळ पाहायला येणार होते आणि गावच्या संघाशी खेळायला पोलिसांचा संघही घेऊन येणार होते. अहवालातल्या विधानांची खातरजमा त्याच वेळी करण्यात येईल, असं शेवटी लिहिलं होतं.

"खातरजमा म्हणजे?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"म्हणजे सरकारला लेखी खोटं लिहून दिलं, असं ठरलं तर एकोणीस वर्षांची नोकरी," नारायणराव म्हणाले आणि पुढचं त्यांनी बोटानं हवेत फुली मारून सांगितलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. प्रमोदिनीबाईंनी गोधड्यांची दोरी तेवढी सोडून आणली.

साहेब यायला साडेपाच आठवडे होते. पोरं मिळणं कठीण नव्हतं. शाळेतली हुतूतूची पोरं फुटबॉलला कबूल झाली. प्रश्न मैदानाचा होता. काळी जमीन ती, भेगांत चेंडू सोडाच, गोलकीपरही नाहीसा झाला असता. नारायणरावांनी ओव्हरसियरकडं रोलर मागितला. रोलर तुळजापूरच्या रस्त्यावर होता. तो आणायला अर्ज लागत होता, अर्जावर रोलर रिकामा असल्याचा शेरा लागत होता आणि रोलर रिकामा आहे हे रोलरजवळ जाऊन बघितल्याशिवाय ओव्हरसियर शेरा देत नव्हते. तिकडं जायला त्यांना जीप लागत होती. जीप रोलरचं डिझेल पोचवायला तुळजापूरच्या रस्त्यावर गेली होती. या फेऱ्यांत तीन आठवडे गेले आणि नारायणरावांच्या एका चपलेचा अंगठा तुटला.

तुटकी चप्पल हातात घेऊन ते एका सकाळी मैदानात उभे होते, तेव्हा बांधावरून दगडोबा आला. त्याची आणि त्याच्या भावकीची शेतं मैदानाला लागून होती.

"काय हुडकायलाव, मास्तर?"

"जमीन टणक करायचीय, दगडोबा. भेग नको, खडा नको. साहेब यायचेत."

"टाच हाणली तर ठण्ण वाजाय पायजे, असंच न्हवं?"

"अगदी तसंच."

"आन् तिवडा कुठं रवायचा? मधी?"

तिवडा म्हणजे काय, हे नारायणरावांना ठाऊक नव्हतं. आडनाव तडवळे गावावरून पडलेलं असलं तरी घराण्यात चार पिढ्या शाईच होती. पण नियमांच्या पुस्तकात मैदानाच्या मधोमध एक वर्तुळ आणि त्यात ठिपका काढलेला त्यांनी पाहिला होता. शेतकऱ्यालाही खेळाची एवढी माहिती असावी आणि चिटणिसाला नसावी, हे बरं दिसलं नसतं. "मधोमधच," ते ठामपणे म्हणाले, "दोरीनं मोजून."

दगडोबाच्या चेहऱ्यावर आदर उमटला. "तुमाला सारं म्हाईत हाय की. मास्तर, नव्या सडकंत आमच्या भावकीच्या आठी जागा गेल्या. आमी मैदान करून देतो, फुकट. मातर मग आमालाबी वापराया मिळंल का?"

दगडोबाच्या भावकीला फुटबॉल खेळायचा आहे, या कल्पनेनं नारायणरावांना भरून आलं. "दगडोबा, मैदान जनतेचं आहे," ते म्हणाले. "वापरा. दररोज वापरा." दोघांनीही एकमेकांचे आभार मानले. आपण दुसऱ्यावर केवढा उपकार केला, असं वाटत दोघेही घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. भावकीनं जमीन उकरली, ढेकळं फोडली, हौसेनं पाणी मारलं, मधोमध एक जाड खांब रोवला आणि त्याच्याभोवती सोळा बैल गोल गोल फिरवले. मग बायकांनी सगळं शेणानं सारवलं. नारायणरावांनी पाहिलं नाही असं नाही. वर्गात मळणी शिकवताना ते तसंच चित्र फळ्यावर काढत. पण चित्रात बैलांच्या पायाखाली नेहमी कणसं असत आणि इथं कणसं नव्हती, त्यामुळं त्यांना संशय आला नाही. मैदान तव्यासारखं सपाट झालं. त्यांनी टाच मारून पाहिली. ठण्ण वाजलं.

निश्चिंत मनानं ते फुटबॉल आणायला सोलापूरला गेले. दुकानात चेंडू होता, पण त्यातला ब्लॅडर मुंबईहून यायचा होता. उद्या येईल, उद्या येईल, करत त्यांनी मेहुण्याच्या घरी सहा दिवस काढले. परतताना एस.टी.त फुगवलेला चेंडू मांडीवर घेऊन बसले, तर कंडक्टरनं तो टपावर टाकायला सांगितलं. नारायणरावांनी बाणेदारपणे नकार दिला आणि तामलवाडीपासून उस्मानाबादपर्यंत उभ्यानं प्रवास केला. चेंडू बसला होता.

शनिवारी दुपारी स्टँडवरून ते थेट मैदानावर गेले आणि काठाशीच थबकले. मैदानात आठ कुटुंबांची ज्वारी येऊन पडली होती. कणसांचे ढीग, ढिगांवरून फिरणारे बैल, बैलांमागं ओरडणारी माणसं. चारी बाजूंना कडब्याच्या गंजी. तिवडा म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खळ्याचा खांब, हे ज्ञान नारायणरावांना त्या क्षणी झालं. भावकीची सडकेत गेली होती ती खळी. दगडोबानं त्यांना जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं खळं करून दिलं होतं.

ते धावत आत शिरणार, तोच दगडोबाची बायको कमलबाई आडवी आली. "मास्तर, वहाणा काडा. खळ्यात लक्षुमी हाय."

नारायणरावांनी वहाणा काढल्या. अनवाणी पायांनी, काखेत फुटबॉल धरून, ते तिवड्यापाशी दगडोबासमोर उभे राहिले. "दगडोबा, उद्या साहेब येणार. उद्या इथं सामना आहे."

"मंग व्हऊ द्या की. आमी न्हाय कवा म्हनलं?"

"ज्वारी हलवा."

"आरधी मळनी सोडून माल हलवीत न्हाईत, मास्तर. सांच्यापतूर मळनी हुती. उद्या सकाळी वारा सुटला की उफनायचं, रास मापायची, दुपारच्याला खळं रिकामं."

"आणि हा खांब?"

"रास घरात जाऊन दिवा लागंस्तोवर तिवडा हालवायचा नसतो," कमलबाई म्हणाली. तिचा आवाज असा होता, की नारायणरावांनी नियमांचं पुस्तक पिशवीतून काढलंच नाही.

घरी तात्या वाट बघत होते. त्यांनी तासभर विचार केला आणि सल्ला दिला, की नारायणरावांनी आजारी पडावं. नारायणरावांना तो पटलाही, पण अंगात ताप आणता येईना.

रविवारी सकाळी वारा पडला. आठ घरची माणसं सुपं घेऊन आभाळाकडं बघत बसली आणि त्यांच्यात नारायणरावही बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वाऱ्यासाठी देवीला नवस बोलला. अकराला झुळूक आली. सात राशी उफणून, मापून, दुपारी साडेतीनपर्यंत गाड्यांतून गेल्या. कडब्याच्या गंजी मात्र राहिल्या. मग गावातले प्रेक्षक आले आणि जागा मिळेल तसे त्या गंजींवर चढून बसले. खालच्या पेंढ्यांवर म्हातारे, मधल्यांवर बायका, शेंड्यावर पोरं. तात्या सगळ्यात खाली, पाय सोडून बसले होते. सोलापूरला असं बसायला दगडी पायऱ्या बांधल्यात म्हणतात. उस्मानाबादचं स्टेडियम कडब्याचं झालं.

शेवटची रास दगडोबाची स्वतःची. ती तिवड्याच्या पायथ्याशी होती. चारला दहा कमी असताना त्यानं राशीला हळदकुंकू वाहिलं, माप हातात घेतलं आणि कमलबाईनं सगळीकडं वळून ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या घरात रास मापताना कुणी बोलत नसे. बोललं की बरकत जाते. गंजींवरचे सगळे एकदम गप्प झाले. दगडोबानं पहिलं माप भरलं. पहिल्या मापाला खळ्यात एक म्हणत नाहीत.

"लाभ," तो म्हणाला. "दोन. तीन."

नेमकी त्याच वेळी जीप आली. मागून पोलिसांची गाडी. साहेब पुण्याकडचे, नवे, तरुण, बूट चकचकीत. ते उतरले तेव्हा पाचशे माणसं त्यांच्याकडं बघत होती आणि कुणी शब्द काढत नव्हतं. नारायणराव पुढं झाले. खिशात स्वागताचं भाषण होतं. त्यांनी ते काढलं, उघडलं, कमलबाईकडं पाहिलं, पुन्हा घडी केली आणि साहेबांना वाकून नमस्कार केला.

"तुम्हीच चिटणीस का?" साहेबांनी विचारलं.

नारायणरावांनी ओठांवर बोट ठेवलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठाला गप्प बसवण्याचा हा पहिला प्रसंग होता.

"सतरा," दगडोबा म्हणाला. "अठरा."

साहेब चकित होऊन पुढं निघाले. कमलबाई समोर येऊन उभी राहिली आणि तिनं त्यांच्या पायांकडं बोट दाखवलं. बुटाला काही लागलंय असं वाटून साहेबांनी पाय उचलून तळ पाहिले. तिनं मान हलवली आणि पुन्हा बोट दाखवलं. मग काठाशी मांडून ठेवलेल्या जोड्यांची रांग त्यांना दिसली. त्यांनी एकदा नारायणरावांकडं पाहिलं, एकदा राशीकडं पाहिलं आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यांच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तेव्हा त्यांनी मोजेही काढून खिशात घातले. गंजींवर कुणी हसलं नाही, कारण हसण्यालाही बंदी होती. पोलीस संघाचा कप्तान जमादार महांतप्पा. खिळ्यांचे बूट खास सोलापूरहून आणवलेले. पण साहेबांचा अंगठा बघितल्यावर त्यानंही वाकून नाड्या सोडल्या. त्यानं आपल्या दहा गड्यांना हातानं खूण केली आणि अकरा जोड बूट त्या रांगेला लागले.

एकशे बारा मापं झाली. पोती गाडीत चढली, गाडी हलली आणि दगडोबानं मोकळा श्वास सोडला. त्याबरोबर पाचशे माणसं एकदम बोलायला लागली. साहेब काय विचारत होते, ते त्या गलक्यात कुणालाच कळलं नाही. महांतप्पानं शिट्टी मारली आणि सामना सुरू झाला.

खांब मैदानाच्या मधोमध उभा होता. महांतप्पानं त्याला आक्षेप घेतला, पण कमलबाई खांबाला पाठ लावून बसली होती आणि तिला उठवायची त्याची हिंमत नव्हती. बुटांची सवय असलेले पोलीस शेणानं सारवलेल्या जमिनीवर असे घसरत होते, की त्यांतले तिघे दहा मिनिटांत गोलापर्यंत बसूनच पोचले. आपली पोरं जन्माची अनवाणी. पण फुटबॉल कुठल्या दिशेनं मारायचा याबद्दल त्यांच्यात एकमत नव्हतं. चेंडू तिवड्यावर आदळे आणि मारणाऱ्याच्या डोक्यावरून परत त्याच्याच गोलात जाई. अशानं दोन गोल झाले. ते कुणाचे धरायचे, हे कुणालाच सांगता येईना.

गोल मोजायचं काम चिटणिसांचं होतं. पण नारायणराव अजून नियमांच्या पुस्तकात पान शोधत होते, म्हणून दगडोबानं ते आपल्याकडं घेतलं. मापाचा सराव ताजा होता. पहिला गोल पोलिसांनी केला. "लाभ," दगडोबा गरजला. दुसरा आपल्या पोरांनी केला. "दोन." पुढचा कुणाचाही असो, "तीन." सामना संपल्याची शिट्टी झाली तेव्हा आकडा पाचावर होता.

"कोण जिंकलं?" साहेबांनी विचारलं.

"पाच झाले, सायेब."

"पाच कुणाचे?"

"रास एकच असती, सायेब. कुनाच्या घरात किती गेलं, ते खळ्यावर इचारत न्हाईत."

महांतप्पा म्हणाला, आम्ही तीन-दोन जिंकलो. गंजींवरून तेच आकडे उलटे ऐकू आले. साहेबांनी दोन्हीकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी हातातली फाइल उघडली आणि नारायणरावांना जवळ बोलावलं. दोघेही अनवाणी होते.

"तुमच्या सहीनं लिहिलंय, 'सदर मैदानावर दररोज फुटबॉल खेळला जातो.' हे खरं आहे?"

नारायणरावांनी तात्यांकडं पाहिलं. तात्या कडब्याची काडी मोडत दुसरीकडं बघत होते. प्रमोदिनीबाई गंजीवर बायकांत बसल्या होत्या आणि त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. हो म्हणायला एकच अक्षर लागत होतं. पण पायाखाली ती सारवलेली जमीन होती आणि भोवती पाचशे माणसं होती, ज्यांच्यातल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं.

"नाही, साहेब," नारायणराव म्हणाले. "आज पहिल्यांदाच. मी खोटं लिहिलं."

 सव्वा महिना छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं त्यांना वाटलं.

"मग रोज इथं काय होतं?"

नारायणरावांनी कोटाच्या खिशातून जुनी वही काढली आणि उभ्यानं सगळं वाचून दाखवलं. जनावरं, सिनेमा, लग्नं, सायकल. गोधड्यांशी आल्यावर ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "यांत आमचीही एक असते." शेवटी पेन्सिलीनं त्यांनी एक शब्द वाढवला, 'खळे', आणि वही पुढं केली. साहेबांनी ती घेतली, बूट हातात धरले आणि तसेच जीपकडं गेले.

त्यानंतरचे वीस दिवस नारायणरावांनी कसे काढले, हे प्रमोदिनीबाईंनाच माहीत. पोस्टमनची सायकल वाजली की ते देवघरात जाऊन बसत. तात्यांनी दयेच्या अर्जाचे चार मसुदे तयार ठेवले. एकविसाव्या दिवशी लखोटा आला तेव्हा तो तात्यांनीच फोडला.

गोदामासाठी दुसरी जागा पाहण्यात येत आहे, असं पहिल्या कलमात होतं. सदर जागा लोकांच्या इतक्या उपयोगाची असल्यानं ती जशी आहे तशी मोकळी ठेवावी. दुसरं कलम तात्यांनी सावकाश वाचलं. "अहवालातील दररोज फुटबॉल खेळला जात असल्याचे विधान असत्य आढळले. सदर विधान सत्य करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर राहील. चिटणिसांनी दररोज सायंकाळी पाच वाजता मैदानावर जातीने हजर राहून फुटबॉल खेळवावा व तसा दाखला दर शनिवारी कचेरीत पाठवावा."

तात्यांनी चष्मा काढला. "तीस वर्षं सरकारी मिसली वाचल्या, अशी सजा नाही पाहिली. नोकरी शाबूत, माणूस गेला."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता नारायणराव मैदानावर गेले. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस पोरं आली. परीक्षा जवळ आली तशी सहा झाली. पहिल्या वळवाच्या दिवशी कुणीच आलं नाही. नारायणराव चेंडू घेऊन एकटे उभे होते. शनिवारचा दाखला होता आणि आता पुन्हा खोटं लिहायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं, धोतराचा सोगा खोचला आणि चेंडूला लाथ मारली. अंगठा सणकला, चेंडू चार हात गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "तसा नाही. जरा धावत या." गोधड्या काढायला आलेल्या प्रमोदिनीबाई दोरीपाशी उभ्या होत्या.

नारायणराव धावत आले. या खेपेला चेंडू थेट गोधडीत गेला.

पुढं त्यांचा अंगठा काळा झाला, बरा झाला आणि पुन्हा काळा झाला. शिमग्याच्या आगेमागे खळं पडे, तेव्हा खेळ तिवड्याभोवती होई आणि कमलबाई आडवी चाललेली पोरं नावानं ओरडून सरळ करी. गोल मोजायला दगडोबा असला की जिंकलं कोण हे कळत नसे, म्हणून हरलेलाही कुणी नसे. शनिवारचा दाखला नारायणराव स्वतः नेऊन देत. 'हजर चौदा', 'हजर नऊ', 'हजर एक, सही करणारा'. तिन्ही प्रती.

साठ सालच्या जूनमध्ये, राज्य पुन्हा बदलल्यावर, कचेरीतून एक लहानसा कागद आला. पावणेपाच वाजले होते. नवीन साहेबांनी जुन्या मिसली तपासल्या होत्या. सदर प्रकरण निकाली काढण्यात येत असून चिटणिसांनी यापुढे मैदानावर हजर राहण्याची अगर दाखला पाठवण्याची आवश्यकता नाही, असं त्यात लिहिलं होतं.

नारायणरावांनी तो कागद उभ्यानं वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. त्याची बारीक घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि कोट खुंटीला अडकवला. मग कोनाड्यातला चेंडू काढून काखेत धरला.

"कचेरीतून काय आलंय?" आतून प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"काही नाही," नारायणराव धोतर खोचत म्हणाले. "रोज जायलाच पाहिजे म्हणतात."